शेंगा, तारण आणि रविवारचा संदेश

बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात येशू एक गोष्ट सांगतो: दोन भावांपैकी धाकटा बापाकडून वाटणी घेऊन जातो, परदेशात सगळं उडवून डुकरं चारायला लागतो, आणि डुकरं खातात त्या शेंगांनी तरी पोट भरावं असं त्याला वाटू लागतं. इंदूरच्या मराठी ख्रिस्ती उपासनेत हे वचन मोठ्यानं वाचलं की ऐकणाऱ्याच्या मनात कोणती शेंग येते? भुईमुगाची. थंडीत हातगाडीवर कागदाच्या पुडीत मिळणारी, भाजलेली, गरम. संदेश, म्हणजे रविवारचं प्रवचन, देणारा सांगत असतो की हा मुलगा किती खाली घसरला, आणि बाकावरच्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटलेलं असतं.

मूळ ग्रीकमधला शब्द कॅरब नावाच्या झाडाच्या शेंगांचा आहे. कडक साल, चवीला थोडी गोडसर, मुख्यतः जनावरांपुढे टाकायची, आणि दुष्काळ पडला तर गरिबाच्याही पोटात जाणारी. एवढं सगळं व्यासपीठावरून सांगायची गरज नाही. ‘गव्हाणीतला चारा’ असे दोन शब्द जोडले की काम होतं. पण ते दोन शब्द जोडायला हवेत हे केव्हा लक्षात येतं? उतारा कानानं वाचला तरच. डोळ्यानं वाचताना ‘शेंगा’ हा शब्द सुरळीत निघून जातो.

संदेशाच्या तयारीबद्दल जे काही सांगण्यासारखं आहे ते मला या एका शेंगेत दिसतं. वाचणाऱ्याला पान उलटून मागे जाता येतं, ऐकणाऱ्याला येत नाही. एक शब्द अडला की तो तिथेच थांबतो, आणि तो थांबलेला असताना पुढची चार वाक्यं त्याच्या डोक्यावरून निघून जातात. पुस्तकात शोभणारा लेख आणि व्यासपीठावरून पोहोचणारा संदेश हे दोन वेगळे पदार्थ आहेत. बहुतेक संदेश फसतात ते अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे. अभ्यास कागदावर पुरा होतो आणि तोंडात कधी येतच नाही.

इंदुरात हे दुपटीनं खरं आहे. इथल्या मराठी मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, तिसरी-चौथी पिढी घरात मराठी बोलते, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी शिकते, बाजारात हिंदीच बोलते. लिपी एकच असल्यामुळे वाचायला अडत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. शब्द ओळखीचा दिसतो, पण अर्थ दुसऱ्या घरचा असतो. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. बायबलमधल्या यशया या पुस्तकाच्या ५३व्या अध्यायावर बोलताना आपल्या वाट्याची शिक्षा देवाच्या सेवकानं सोसली असं म्हटलं, तर हिंदी शाळेतल्या पोराला क्षणभर काय ऐकू येत असेल याचा विचार करावा. ‘संसार’ म्हणजे मराठी आजीला चूल, भांडी, लेकरं. नातवाला सगळं जग. ‘चेष्टा’ म्हणजे एकाला थट्टा, दुसऱ्याला प्रयत्न. ‘राग’ आजीला संताप वाटतो आणि नातवाला गाण्यातला. असे वीस-पंचवीस शब्द निघतात. त्यांची यादी करून वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवावी आणि दर शुक्रवारी संदेशाचा मजकूर तिच्याशी ताडून पाहावा.

‘तारण’ हा शब्द तर मराठीतल्या मराठीतच अवघड होऊन बसलाय. मंडळीच्या बाहेर तो आता मुख्यतः बँकेत भेटतो: सोनं तारण, घर तारण. नवीन माणसाला तारणाविषयी सांगायला लागलं तर त्याला कर्जाचा कागद आठवतो. म्हणून हा शब्द टाकून द्यावा असं मात्र मला वाटत नाही. तो आपल्या गीतांत आहे, प्रार्थनांत आहे, आजीच्या तोंडात आहे. तो म्हणावा आणि त्याच दमात उलगडावा: तारण, म्हणजे बुडत्याला हात देऊन काठावर आणणं. एकदा उलगडला की पुढे तो मोकळेपणानं वापरता येतो. बायबलमधल्या ‘जकातदार’चं तसंच. इंदूरच्या जुन्या माणसाला ‘चुंगी नाका’ म्हटलं की तो डोळ्यांसमोर उभा राहतो. जकात म्हटलं तर मुंबई-पुण्याची वाटते. म्हणून जकातदार म्हणावं आणि लगेच ‘चुंगी वसूल करणारा’ असं जोडावं.

हिंदी घरातून आलेल्या सुनांसाठी पूर्ण संदेश दोन्ही भाषांत सांगायचा मोह होतो. त्यात २० मिनिटांची ३५ होतात, आणि प्रत्येक वाक्य दोनदा आल्यानं मराठी ऐकणारा दर दुसऱ्या वाक्याला कान बंद करायला शिकतो. फक्त मुख्य वाक्य दोन्ही भाषांत सांगावं. तेवढं पुरतं.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, तेव्हा साध्या, थोडं शिकलेल्या बायकांना ते कळावं हा ध्यास त्यांनी आयुष्याच्या शेवटपर्यंत, म्हणजे १९२२पर्यंत, धरून ठेवला. संस्कृतावर एवढं प्रभुत्व असलेल्या बाईनं सोपं लिहायचं ठरवलं, हे संदेश देणाऱ्यानं मनात ठेवावं. आणि नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती सभेत भजन आणि कीर्तन आणलं, त्यामागे मराठी कानाची हीच पारख होती. कीर्तनकार पूर्वरंगात एक अभंग घेतो, त्यातलं एकच सूत्र धरतो, आणि उत्तररंगात त्याच सूत्राचं आख्यान लावतो. तासाभरानंतर घरी जाणाऱ्या बाईला तो अभंग तोंडपाठ झालेला असतो, कारण कीर्तनकार फिरून फिरून त्याच ओळीवर येतो. लिहिताना पुनरुक्ती दोष ठरते. बोलताना तीच ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून दाखवते.

आता लूक १५ हाच उतारा घेऊन आठवडा कसा जातो ते पाहू. ठरलेल्या वाचनक्रमानं चालणाऱ्या मंडळ्यांत तीन वर्षांच्या चक्रातल्या लूकच्या वर्षी, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी हा उतारा येतो. इंदुरात तेव्हा बहुतेक वर्षी रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, नुकतीच होऊन गेलेली असते, गहू कापणीला आलेला असतो, मुलांच्या परीक्षा चालू असतात आणि पंखे पहिल्यांदा सुरू झालेले असतात. पंख्यांकडे पुढे यायचंच आहे.

सोमवारी उतारा मोठ्यानं वाचावा, तीनदा, उभं राहून. टीकाग्रंथ (शास्त्राचा अर्थ उलगडणारी पुस्तकं), मोबाइल, जुन्या वह्या काहीही उघडू नये. या वाचनात तीन गोष्टी शोधायच्या: कोण कोणाशी बोलतंय, कोण उभं राहून ऐकतंय, आणि कोणता शब्द परत परत येतोय. ऐकतंय कोण हे अध्यायाच्या पहिल्या दोन वचनांत आहे. जकातदार आणि पापी लोक जवळ येताहेत, आणि परूशी व शास्त्री, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे आणि शिकवणारे, कुरकुरताहेत की हा पापी लोकांना जवळ करतो आणि त्यांच्या पंगतीला बसतो. पुढच्या तीनही गोष्टी, मेंढरू, नाणं आणि मुलगा, त्या कुरकुरीला दिलेलं उत्तर आहे. हे दिसलं की ११व्या वचनापासून सुरू करून २४व्या वचनावर थांबणाऱ्या संदेशात काय हरवतं ते कळतं. २४व्या वचनाशी परतलेल्या धाकट्यासाठी मेजवानी सुरू होते, सगळे आनंदात असतात, आणि संदेश देणाऱ्याला वाटतं इथे छान संपतंय. पण ज्याच्यासाठी गोष्ट सांगितली तो, त्या कुरकुरणाऱ्यांसारखा, थोरला भाऊ अजून शेतातून घरी आलेलाच नसतो.

उतारा कुठे कापायचा हा तयारीतला सगळ्यात मोठा निर्णय आहे आणि त्याला सगळ्यात कमी वेळ दिला जातो.

मंगळवारी शब्दांजवळ जावं. धाकट्यानं परतीच्या वाटेवर तीन भागांचं भाषण पाठ केलंय: मी पाप केलं, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला मजुरासारखं ठेवा. हे १८ आणि १९ या वचनांत आहे. २१व्या वचनात तो बापासमोर उभा राहतो आणि पहिले दोन भाग म्हणतो. तिसरा येतच नाही. बापानं मध्येच चाकरांना हाक मारलेली असते. मजुरीची अट बोलून दाखवायलाही बाप त्याला सवड देत नाही. दोन्ही वचनं शेजारी शेजारी लिहून काढली की हे दिसतं, नुसतं वाचून निसटतं.

मग रागावून मेजवानीला आत न येणाऱ्या थोरल्याकडे यावं. धाकटा तीनदा ‘बाबा’ म्हणतो: वाटणी मागताना, भाषण पाठ करताना, आणि परतल्यावर. थोरला एकदाही म्हणत नाही. त्याचं बोलणं ‘पाहा, इतकी वर्षं मी राबतोय’ असं सुरू होतं, आणि ग्रीकमधलं ते क्रियापद गुलामाच्या राबण्याचं आहे. भावालाही तो भाऊ म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. बाप उत्तरात ‘बाळा’ अशी हाक मारतो आणि शेवटच्या वचनात ते नातं हळूच दुरुस्त करतो: ‘हा तुझा भाऊ’. एवढं हाताशी आलं की संदेशाला बाहेरून काही चिकटवावं लागत नाही.

टीकाग्रंथ बुधवारी उघडावेत. आधी उघडले तर दुसऱ्याचे प्रश्न आपले वाटू लागतात. बुधवारी त्यांच्याकडे नेमकी विचारणा करता येते. उदाहरणार्थ, वाटणीचा हिशोब काय? बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातल्या २१:१७प्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा. दोन भाऊ असतील तर तीन भाग, दोन थोरल्याचे, एक धाकट्याचा. माळव्यात हे बिघ्यांत सांगावं: ३० बिघे जमीन, २० थोरल्याची, १० धाकट्याची, आणि बाप जिवंत असताना धाकट्यानं आपल्या वाट्याचं सगळं विकून टाकलं. बिघे म्हटले की शेताच्या वाटणीवरून भांडण पाहिलेला माणूस बाकावर सरळ होऊन बसतो.

बुधवारी रात्री मुख्य वाक्य लिहून झालेलं असावं. एक वाक्य, पंधरा शब्दांच्या आत, आणि त्यात क्रियापद हवंच. ‘देवाचं प्रेम’ हा विषय झाला. त्यावर पाऊण तास बोलता येतं आणि काहीच सांगितलेलं नसतं. ‘घरात राहून दूर गेलेल्याला आणायलाही बाप बाहेर येतो’ हे वाक्य आहे. ते २०व्या आणि २८व्या वचनांवर उभं आहे, कारण बाप दोनदा घराबाहेर पडतो, धाकट्यासाठी धावत आणि थोरल्यासाठी विनवत. या वाक्याला जे आधार देत नाही ते सगळं, कितीही सुंदर असलं तरी, वहीत राहू द्यावं. गाळलेलं वाया जात नाही. तीन वर्षांनी हाच उतारा परत येणार असतो.

लिहायचं गुरुवारी, आणि लिहिताना मोजायचं. व्यासपीठावरून सावकाश, थांबत बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द जातात. २० मिनिटांसाठी २,००० शब्द पुरे; ३,००० लिहिले तर एक तर अर्धा तास लागेल नाहीतर धाप लागेल. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत २०–२५ मिनिटं रुळलेली आहेत. कॅथलिक मिस्सेतलं प्रवचन बरंच लहान असतं. पोप फ्रान्सिस यांनी २०२४मध्ये आठ मिनिटांच्या वर जाऊ नका असं स्पष्टच सांगितलं होतं. आठ मिनिटांचं प्रवचन सोपं असतं असं कोणी समजू नये. ८०० शब्दांत एकच पायरी चढता येते, आणि ती कोणती हे आधी ठरलेलं नसेल तर आठ मिनिटं प्रस्तावनेतच संपतात.

दाखला हे दुधारी हत्यार आहे. एका मुद्द्याला एक दाखला, आणि तो मुद्द्यापेक्षा लहान. दाखला मोठा झाला की घरी जाताना लोक तोच आठवतात आणि कशासाठी दिला होता ते विसरतात. धावणाऱ्या बापासाठी लांबची गोष्ट कशाला हवी? पगडी घालणारा, चारचौघांत मान असलेला म्हातारा धोतराचा काचा खोवून भर गल्लीतून पळत सुटला तर लोक काय म्हणतील, एवढं विचारावं आणि थांबावं. लोक स्वतः ते चित्र पुरं करतात. इंदूरच्या स्वच्छतेचा पहिला नंबर आणि अंतःकरणाची स्वच्छता ही जोडी मात्र आता विश्रांतीला पाठवावी. २०१७पासून ती फार राबली आहे. आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगायची आहे. समुपदेशनात, आजारपणात, घरच्या भेटीत कोणी मन मोकळं केलं असेल तर ते नाव बदलूनही व्यासपीठावर नेऊ नये. लहान मंडळीत नाव बदलून काही लपत नाही. ज्याचं दुःख उघडं पडलं तो परत बोलत नाही, आणि ऐकणारे बाकीचेही मनातलं सांगायचं थांबतात.

शुक्रवारी सगळं मोठ्यानं बोलावं, घड्याळ लावून, घरातल्या कोणासमोर तरी. जीभ जिथे अडखळते तिथे वाक्य मोडावं. एका श्वासात न मावणारं वाक्य ऐकणाऱ्याच्या मनातही मावत नाही. ‘च्या द्वारे’, ‘च्या अनुषंगानं’, ‘करण्यात आलेलं आहे’ हे सगळं इथे गळून पडतं. ‘देवाच्या द्वारे क्षमा करण्यात आली’ हे वाक्य ओठावर आलं की आपोआप ‘देवानं क्षमा केली’ होतं. शनिवारी नवीन काही घालू नये. फक्त पहिली तीन आणि शेवटची तीन वाक्यं पाठ करावीत. सुरुवात पाठ असली की घसा मोकळा होईपर्यंत कागदाकडे पाहावं लागत नाही. शेवट पाठ नसला तर विमान उतरायला जागा शोधत घिरट्या घालतं: ‘शेवटी एवढंच’, मग ‘जाता जाता’, मग ‘आणखी एक छोटा मुद्दा’. पहिल्या ‘शेवटी’ला लोकांनी चपला शोधायला सुरुवात केलेली असते.

कागदाबद्दल थोडक्यात. एका बाजूनं लिहावं, अक्षर नेहमीपेक्षा दीडपट मोठं असावं, पानाच्या तळाशी वाक्य तुटू देऊ नये, पानं पिनानं जोडू नयेत. सुटी पानं बाजूला सरकवता येतात; जोडलेली उलटताना माइकमध्ये खरखर येते. संदेश मोबाइलवर असेल तर स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवून ठेवावी आणि फोन विमान मोडवर टाकावा.

रविवारी पंखे. छताचे सात-आठ पंखे पूर्ण वेगावर असले की त्यांची घरघर ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरं आणि वाक्याची शेवटची मात्रा खाऊन टाकते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि ‘आहे’ की ‘नाही’ हे तिथेच ठरतं. वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडायची सवय असेल तर मागच्या बाकावर विधान पोहोचतं, नकार पोहोचत नाही. म्हणून शेवटचा शब्द मुद्दाम धरून ठेवावा. माइक तोंडापासून साधारण वीतभर, हनुवटीच्या उंचीवर, जरा बाजूला असावा. सरळ समोर असला तर ‘प’ आणि ‘भ’ फुटतात. उंच छताच्या जुन्या दगडी देवळांत, म्हणजे चर्चच्या इमारतींत, आवाज घुमतो आणि पहिल्या वाक्याचा प्रतिध्वनी दुसऱ्या वाक्यावर चढतो. तिथे आवाज वाढवल्यानं गोंधळच वाढतो. वेग कमी करावा आणि दोन वाक्यांमध्ये एक श्वास सोडावा. आवाजाची चाचणी रिकाम्या देवळात घेतली तर फसायला होतं, कारण भरलेल्या बाकांवरची माणसं आणि कपडे बराच घुमारा शोषून घेतात. पहिलं गीत चालू असताना मागे जाऊन उभं राहून ऐकावं.

शास्त्रभागाचा संदर्भ दोनदा सांगावा आणि लोकांना तो सापडेपर्यंत थांबावं. पूर्वी पानांची सळसळ थांबली की कळायचं. आता अर्धे लोक मोबाइलवर शोधतात आणि सळसळ होत नाही, तेव्हा मनात दहा आकडे मोजावेत. संदेशात आणखी दोन संदर्भ पुष्कळ झाले. प्रत्येक वेळी पुस्तक उघडायला लावलं की धागा तुटतो.

अंत्यविधीचा संदेश वेगळा. सात मिनिटं, एकच वचन, मृताचं नाव नीट उच्चारून. शेजारचे, ऑफिसचे, इतर धर्मांचे लोक उभे असतात. त्यांना आपली परिभाषा ठाऊक नसते आणि त्या दिवशी ती शिकवायचीही नसते. आशा कशावर आहे ते साध्या मराठीत सांगावं आणि बाजूला व्हावं.

परत त्या चौथ्या रविवारकडे. लूक १५च्या शेवटी थोरला भाऊ अंगणात उभा आहे, आतून गाण्याचा आवाज येतोय, बापानं विनवणी केली आहे. तो आत गेला की नाही हे येशू सांगत नाही. संदेश देणाऱ्याला इथे फार मोह होतो: ‘आणि प्रियजनांनो, आपणही त्याच्यासारखे बाहेर उभे राहू नये’. हे वाक्य जोडलं की लोक सुटतात, कारण उत्तर कोणीतरी त्यांच्या वतीनं देऊन टाकलेलं असतं. त्यापेक्षा ३२वं वचन परत एकदा, सावकाश, ‘हा तुझा भाऊ’ इथे थांबत वाचावं, पुस्तक मिटावं आणि खाली बसावं. पेटीवाल्याला शनिवारीच सांगून ठेवावं की संदेश संपल्याबरोबर पुढच्या गीताचा सूर धरू नका, मनात पन्नास मोजा. देवळात फक्त पंखे चालू राहतील. पहिल्या दहा सेकंदांत कोणीतरी खोकेल, एखादं मूल आईला काहीतरी विचारेल. चालू द्यावं. पन्नास झाल्यावर गीत.